तीन पाण्यांवरचा तंबू

डॉक्टरांनी माझ्या पाठीवरून नळी काढली आणि नेहमीसारखी गळ्यात न अडकवता हातातच धरून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी सदऱ्याच्या गुंड्या लावत होतो.

“मास्तर, आज मी कशाचंही नाव घेत नाही,” ते म्हणाले. “थुंकी पुण्याला पाठवली होती, तिच्यात काही सापडलं नाही. पण एकदा सापडलं नाही म्हणजे नाहीच, असंही नसतं. न्यूमोनिया होऊन गेल्यावर इतके दिवस खोकला राहतो कशाला? संध्याकाळी अंग तापतं कशाला? आणि तांबडं पडलं, ते तर तुम्ही स्वतः पाहिलंत.”

नाव त्यांनी घेतलं नाही, तरी ते खोलीत येऊन बसलंच होतं. त्या काळी भोरात क्षय हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. ‘तो आजार’ म्हणत, आणि म्हणताना दाराकडे बघत.

मग त्यांनी पथ्यं सांगितली. शाळा बंद, खडूची धूळ नको. उघडी हवा, ऊन, दूध, अंडी. चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही. ताटवाटी वेगळी. लहान मूल जवळ घ्यायचं नाही. आरोग्यधामात जागा मिळायला वेळ लागेल, तोवर एवढं पाळा आणि होळीच्या सुमाराला परत या.

मी भोरला मराठी शाळेत मास्तर होतो. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन खोल्या घेऊन आम्ही राहत होतो. मी, बायको, आणि नुकती बसायला लागलेली मुलगी. बातमी सासऱ्यांपर्यंत कशी गेली कुणास ठाऊक. दिवाळी झाली आणि ते सासवडकडून गाडी घेऊन आले. माझ्याशी ते उंबऱ्याबाहेरूनच बोलले. चांगला माणूस, त्यांची मान खाली होती. बायको मुलीला दुपट्यात गुंडाळून गाडीत बसली आणि गाडी हलता हलता मला म्हणाली, “तुम्ही बोलवाल म्हणून मी वाट बघत बसणार नाही. माझ्या मनाला येईल तेव्हा येईन.”

खोल्या रिकाम्या झाल्या. भेटायला येणारी माणसं ओटीवरून चौकशी करून जाऊ लागली. एकटा ड्रॉइंग मास्तर तेवढा पूर्वीसारखा आत येऊन बसे.

हा माझा दोस्त रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. लग्न झालेलं नव्हतं. शाळेत मुलांना कमळं आणि तांबे काढायला शिकवी आणि सुट्टीच्या दिवशी शाळेमागच्या पडवीत एक होडी बांधत बसे. भोरला येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण डोंगरात त्याचा जीव रमत नसे. संस्थानच्या वाचनालयात कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यानं एक चित्र पाहिलं होतं. दाट जंगल, मधे तळं, दोन्ही टोकांना निमुळती होडी, काठावर तंबू आणि तंबूपुढं धूर. तिकडं म्हणे लोक अशा होडीत बिऱ्हाड भरून दिवसचे दिवस पाण्यावरून हिंडतात, आवडेल तिथं उतरतात. त्या होडीला कनू म्हणतात. त्यानं बांबूच्या कांबींचा सांगाडा वाकवला, त्यावर तंबूचं जुनं कापड ताणून शिवलं, आणि जवसाचं तेल आणि डांबर यांचे थरावर थर दिले. इतकी हलकी झाली की त्याला ती एकट्याला डोक्यावर घेता येई.

मी पथ्यं सांगितली तेव्हा तो चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

“परत सांग.”

मी परत सांगितली.

“चालायचं नाही, चढायचं नाही, उचलायचं नाही, धूळ नको. मग राहिलं काय? बसल्या बसल्या जायचं आणि उघड्यावर राहायचं. मास्तर, डॉक्टरनं तुला होडी लिहून दिलीय. फक्त त्याला ते कळलेलं नाही.”

“आणि तुझी शाळा?”

“माझी रजा साठलीय. लग्नासाठी ठेवली होती. लग्न कुठं पळून जातंय?”

डॉक्टरांना विचारलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले की वल्हं तुम्ही हातात धरणार नसाल आणि पाण्यात भिजणार नसाल तर माझी हरकत नाही. एवढंच म्हणाले, की जागा बघून घ्या. ओल नको, वारा कोंडलेला नको.

जागा बघून घ्या, हे सोपं वाटलं होतं. पण त्या हिवाळ्यात आम्ही तीन पाण्यांवर तंबू ठोकला तेव्हा कुठं ती सापडली.

पहिली जागा आईच्या हट्टामुळं ठरली. माझं गाव पासलीच्या अंगाला. तिथं थोरला भाऊ भाताची शेती बघे, आई त्याच्याकडे असे. घर म्हणजे एकाच छपराखाली माणसं, गुरं आणि चुलीचा धूर. तिथं मला ठेवणं शक्य नव्हतं, आणि भावाची लहान मुलंही होती. पण आईचं म्हणणं, घरात नको तर नको, आपल्या कानंदीच्या काठी ऱ्हावा, म्हंजी म्या रोज बघून तरी जाईन. म्हणून बैलगाडीत होडी उलटी टाकली आणि नसरापुरावरून वेल्ह्याला गेलो. वाटेत जो तो विचारी, हे काय? दोस्त सांगे, कनू. आईनंही विचारलं.

“कनू? कुनाचा कनू?”

“होडीचं नाव आहे, काकू.”

“मंग ठीक हाय. मला वाटलं आनिक कोन पाव्हना आनला.”

कानंदी माझी लहानपणची नदी. तिच्याविरुद्ध बोलताना अजूनही जिवावर येतं. तोरण्याच्या सावलीतून ती वाहते, पाणी असं निर्मळ की तळचे गोटे मोजून घ्यावेत. पण होडीच्या कामाची ती नाही. एक डोह लागतो, त्यात दोस्त चार वल्ही मारतो न मारतो तोच पुढं खडक. मग मी उतरायचं, त्यानं सामान उतरवायचं, होडी डोक्यावर घ्यायची, दगडांवरून पुढच्या डोहापर्यंत न्यायची, परत येऊन सामान न्यायचं. होडीनं आम्हाला न्यावं म्हणून निघालो होतो आणि आम्हीच होडीला नेत होतो. मला दगडांवरून चालावं लागे. दोन डोह ओलांडले की छातीत शिट्टी वाजायला लागे.

त्याहून जड झाली ती माणसं. एका डोहाजवळ शेताच्या बांधावर आम्ही तंबू ठोकला आणि सगळी पंचक्रोशी मला बघायला आली. राजगडाखालच्या पालीहून मामा आले. चुलते आले, चुलत्यांचे व्याही आले. येताना कुणी अंडी आणी, कुणी तांदूळ आणी, आणि सगळे लांब अंतरावर बसून माझ्याकडे बघत राहत. मग कुणीतरी कुणाच्या तरी मेव्हण्याची गोष्ट काढी, त्यालाही असाच खोकला होता. पुढचं ते बोलत नसत. मी त्यांच्या तोंडाकडे बघून पुढचं ओळखी.

एका सकाळी मी दोस्ताला म्हटलं, “इथं मी आजारानं मरणार नाही, पाहुण्यांनी मरेन.”

आईला वाईट वाटलं. पण तिनंही बघितलं होतं. निघताना तिनं माझ्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून नदीत टाकला आणि दोस्ताला म्हणाली, “तुमी ह्याला कुठं बी न्या. पर ह्याचं त्वांड बगून कोन रडनार न्हाई अशा जागी न्या.”

दुसरी जागा दोस्तानं निवडली. भोरच्या वर, हिर्डस मावळात, नीरा डोंगरातून उतरते तिथं. आता ती नदी अडवली गेली आहे, तेव्हा मोकळी होती. तिथं डोह लांबच लांब होते. काठाला उंबर, जांभूळ, करंज यांची अशी दाटी की फांद्या दोन्ही बाजूंनी पाण्यावर झुकलेल्या. होडी त्या हिरव्या बोगद्यातून चालली की वल्ह्याचं थेंबथेंब पाणी तेवढं ऐकू येई. खंड्या आमच्या पुढं पुढं उडत जाई, पुढच्या फांदीवर बसे, आम्ही जवळ गेलो की पुन्हा उडे. दोस्त खूष झाला. त्या मासिकातलं चित्र त्याला इथं सापडलं होतं.

“हेच ते,” तो म्हणाला. “याच्यापुढं तुझी कानंदी म्हणजे पाटाचं पाणी.”

मीही पहिल्या दिवशी मान डोलावली. पण तिथं डोंगर दोन्हीकडून इतके जवळ होते की सूर्य उशिरा दिसे आणि लवकर जाई. सकाळी धुकं उठता उठत नसे. तंबूचं कापड आतून ओलं, पांघरूण ओलं, सरपण ओलं. चुलीत फुंकर मारून दोस्ताचे डोळे लाल होत आणि धूर माझ्या छातीत जाई. कापडाला बुरशीचा वास यायला लागला. मला संध्याकाळी अंगात कणकण वाटे आणि मी ती सांगत नसे, कारण तो इतका आनंदात होता.

एका सकाळी तो पाण्यावर तोंड धुवायला गेला आणि तिथंच उभा राहिला. ओल्या वाळूत बिबट्याच्या पावलांचे ठसे होते. पाण्यापर्यंत आलेले, आणि तिथून सरळ आमच्या तंबूपर्यंत गेलेले. तंबूला एक वळसा होता.

“पाणी प्यायला आला असेल,” मी म्हणालो.

“पाणी नदीत आहे. तंबूत पाणी नाही.”

“मग तुला बघायला आला असेल.”

त्याला हसू आलं, पण तो चूल पेटवायला बसला नाही. सामान बांधायला लागला. बांधता बांधता त्याचा हात माझ्या अंगाला लागला आणि त्याला ताप कळला.

“केव्हापासून?”

“आल्यापासून.”

“आणि बोलला नाहीस? मेल्या, मी इथं देखावे बघतोय आणि तू आत भिजतोयस!” तो खरंच रागावला होता. होडी गाडीवर चढवताना तो एकदाच म्हणाला, “सुंदर आहे. पण ही जागा धडधाकट माणसांची.” आणि मला हलकं वाटलं. त्याचं मन मोडायचं काम त्या बिबट्यानं केलं होतं.

तिसरी जागा कुणाच्याच मनात नव्हती. भाटघरच्या धरणाला तेव्हा फार वर्षं झालेली नव्हती. त्याचा फुगवटा वेळवंडीच्या खोऱ्यात मैलोगणती आत गेलेला. आमच्या लोकांना ते पाणी आपलं वाटत नसे. ज्यांची जमीन खाली गेली त्यांना तर नाहीच. दोस्ताला ते आवडत नव्हतं कारण चित्रात असतं तसं जंगल काठाला नव्हतं, नुसता गवताचा उतार. पण नीरेवरून भोरला परतलो, ताप उतरायची वाट बघत चार दिवस काढले, आणि दुसरं पाणीच उरलेलं नव्हतं. धरणावरच्या अंमलदारांना विचारलं. त्यांनी होडी बघितली, हातानं कापड दाबून बघितलं, आणि दुपारनंतर मधे जाऊ नका एवढं बजावून परवानगी दिली.

ती पहिली सकाळ मला आठवते. मी होडीच्या पुढच्या टोकाला गोधडीवर टेकून बसलो होतो. मागं दोस्त, मधे तंबू, पीठ, तांदूळ, भांडी, कंदील, सगळं बिऱ्हाड. कुणी काही उचलत नव्हतं, कुणी चालत नव्हतं. पाणी सपाट आणि रुंद, वर सगळं आभाळ उघडं, आणि ऊन उजवीकडून येत होतं तसंच पाण्यावरून परतून डावीकडूनही येत होतं. चक्रवाकांचा एक थवा आमच्याकडे बघून ओरडला आणि जरा सरकून बसला. मी खोल श्वास घेतला. मुद्दाम नाही, आपोआप. तो मधे अडकला नाही.

“कसं वाटतंय?” मागून आवाज आला.

“कोरडं,” मी म्हणालो.

तिथली प्रत्येक गोष्ट साधी होती आणि सोयीची होती. उतरायला मऊ उतार, पाहिजे तिथं होडी टेकवा. बुडालेल्या झाडांची वाळलेली लाकडं काठाला लागलेली असत, ती धूर न करता जळत. वारा मोकळा. खोट नव्हती असं नाही. धरणातून पाणी सोडत तसं ते खाली सरके आणि काठाला घोट्यापर्यंत चिखल राही, म्हणून दर चार-पाच दिवसांनी बिऱ्हाड हलवावं लागे. पण हलवायचं म्हणजे काय, होडीत बसायचं. आम्ही असे खाडीखाडीनं वर सरकत गेलो. दोस्तानं त्या आत शिरलेल्या पाण्याला खाडीच म्हणायला सुरुवात केली होती, आणि त्याचा आवाजही बदलला होता. गावाकडची गाणी म्हणायला लागला.

वरच्या पठारावर धनगरांचा वाडा होता. तिथली एक बाई रोज सकाळी चरवीभर दूध घेऊन खाली येई. पहिल्या दिवशी दोस्तानं तिला प्रामाणिकपणे सांगितलं, की माझ्या मित्राला खोकल्याचा आजार आहे, तुम्ही चरवी लांब ठेवा, आम्ही आमच्या भांड्यात ओतून घेऊ. तिनं माझ्याकडे बघितलं.

“खोकतोय का आता?”

“आता नाही.”

“मंग आता प्या म्हनावं. खोकाल तवा बगू.” आणि तिनं स्वतः माझ्या पेल्यात दूध ओतलं.

दिवस असे गेले. मी वाचत पडे, झोपे, ऊन खाई. दोस्त मासे पकडी आणि रंगपेटी काढून पाण्याची चित्रं काढी. खोकला सकाळचा राहिला, मग तोही कधीमधी. पण मी आशा धरत नसे. आरोग्यधामातून बरे होऊन आलेल्या आणि पुन्हा पडलेल्या लोकांविषयी मी ऐकलं होतं. बायकोचं काही कळलं नव्हतं, आणि मी बोलावलंही नव्हतं. मुलगी आता रांगत असेल, असा मी विचार करी आणि तो तिथंच थांबवी.

फाल्गुन लागला आणि वारा फिरला. सकाळभर पाणी आरशासारखं असे, आणि दुपारी घाटमाथ्याकडून वारा सुटला की लाटा उठत. त्या दिवशी पीठमीठ संपलं होतं. दोस्त सकाळीच पलीकडच्या काठाच्या गावाला गेला. दुपारच्या आत येतो म्हणाला होता. दुपार झाली, वारा सुटला, आणि तो आला नाही.

मी तंबूपुढं उभा राहून बघत होतो. पाण्यावर पांढरे तुरे उठले होते. मग लांब, खाडीच्या तोंडापाशी, मला काहीतरी काळं दिसलं. पालथी होडी. तिच्याजवळ माणूस दिसत नव्हता. एका डोंगरसोंडेमागं ती वाहत गेली आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतर मी काय केलं ते मला तुटक आठवतं. ती सोंड म्हणजे चांगली टेकडी होती, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली. मी ती चढलो. धोतर फाटलं, पायांना काटे लागले. माथ्यावर पोचलो आणि हाका मारायला सुरुवात केली. त्याच्या नावानं, मग नुसतंच “ओ!” म्हणून. वारा हाक परत माझ्याच तोंडावर आणून टाकी. मी पलीकडचा उतार धावत उतरलो आणि परत ओरडलो, आणि परत.

“अरे, ओरडतोस कशाला! बहिरा नाही मी!”

पाण्यातून नुकतंच वर आलेलं एक उघडं टेकाड काठापासून थोडं आत होतं. त्यावर माझा दोस्त उकिडवा बसला होता, नखशिखांत भिजलेला, आणि शेजारी होडी पालथी ओढून ठेवलेली. पाण्याखालच्या खोडानं कापड फाडलं होतं. खाडीकाठचा माणूस, बुडणार थोडाच. होडीला धरून पोहत पोहत तो त्या टेकाडाला लागला होता.

“पीठ गेलं!” तो ओरडला. “गूळ पण गेला!”

तो पाण्यात उतरला, होडी ढकलत काठाकडे आला. मी गुडघाभर पाण्यात जाऊन होडीचं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ती ओढून वर घेतली. पाणी भरल्यानं ती जड झाली होती. ती जमिनीवर ठेवल्यावर तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“मास्तर, तू कुठून आलास?”

मी मागं टेकडीकडे हात केला.

“ती चढून?”

“मग काय उडून?”

“आणि ओरडत होतास. मी केव्हाचा ऐकतोय. मी हात केले ते तुला दिसले नाहीत.” तो जवळ आला. “खोकलास का?”

मी आठवून बघितलं. नव्हतो खोकलो. चढताना नाही, ओरडताना नाही, धावताना नाही. छाती भात्यासारखी हलत होती, पण नुसतीच हलत होती. शिट्टी नव्हती. आम्ही दोघं तिथं उभे राहून माझ्या श्वासाकडे कान देऊन ऐकत होतो. मग तो एकदम त्या चिखलात बसला आणि हसायला लागला, आणि मला आधी तो रडतोय असंच वाटलं.

फाटलेली होडी तिथंच ठेवून आम्ही काठाकाठानं तंबूवर आलो. दुसऱ्या दिवशी त्यानं ती डोक्यावरून तंबूपाशी आणली, धोतराचं ठिगळ लावलं, वर बरोबर आणलेलं डांबर फासलं. आम्ही ते वाळत टाकलं होतं तेव्हा दूधवाली बाई उतारावरून येताना दिसली. तिच्यामागं आणखी दोघी होत्या. एकीच्या डोक्यावर गाठोडं होतं आणि दुसरीच्या कडेवर मूल.

आई आणि बायको. गाडीवाट जिथं संपते तिथून दोघी चालत आल्या होत्या.

“सुनंला म्या आनली न्हाई,” आई लांबूनच म्हणाली. “तिनंच मला आनलं. सासवडास्नं पासलीला आली एकली, ल्येकरू घिऊन. म्हनली, आत्याबाई, चला. मंग म्या काय करनार?”

बायको थोड्या अंतरावर थांबली होती. पथ्य तिला माहीत होतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, काळा पडलेला रंग, भरलेले गाल.

“बरेच माजलात की,” ती म्हणाली. मग तिनं तोंड फिरवून मुलीला चक्रवाक दाखवायला सुरुवात केली.

चार दिवसांनी, तंबू तिथंच ठेवून, आम्ही सगळे भोरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी लावली. पुढून, मागून, काखेखाली. परत पुढून. “मोठा श्वास घ्या. सोडा. परत घ्या.” मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या खुंटीकडे बघत होतो.

“ऐकू येत नाही,” ते म्हणाले.

“काय ऐकू येत नाही?”

“जे ऐकू येत होतं ते.”

तरी त्यांनी थुंकी पुण्याला पाठवली, आणि काही दिवसांनी परत पाठवली. दोन्ही वेळा निरोप स्वच्छ आला. तेव्हा मग ते नाव घेऊन बोलले. “क्षय नव्हे. न्यूमोनियाचा मागचा गाळ छातीत राहिला होता, तो गेला. खोकून खोकून घशातली एखादी बारीक शीर फुटली असेल, तांबडं पडलं ते तिचं. शाळा उघडली की कामावर जा. खडूशी फार सलगी नको.”

बाहेर ओट्यावर बायको बसली होती. मी काही सांगायच्या आधीच तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि मुलगी माझ्या हातात दिली. मुलीनं मला ओळखलं नाही. तिनं माझं नाक धरून जोरात ओढलं. या घडीची मी किती वेळा कल्पना केली होती, आणि प्रत्येक वेळी त्यात मी रडत असे. प्रत्यक्षात मला सपाटून भूक लागली. आई म्हणाली, घरी पिठलं टाकते, आणि दोस्त म्हणाला, भाकऱ्या जास्त करा, काकू.

पुढं बरीच वर्षं ओळखीपाळखीतले लोक, कुणी दुखण्यातून उठलेले, कुणी नुसतेच हौशी, मला विचारत, की होडी घेऊन राहायला जायचं तर कुठं जावं. मी सांगे, माणसं हवी असतील तर कानंदी, देखावा हवा असेल तर हिर्डस मावळ, आणि श्वास घ्यायचा असेल तर भाटघरचं पाणी, पण दुपारी मधे जाऊ नका. दोस्त शेवटपर्यंत नीरेची बाजू घेई. आमचं ते भांडण कधी मिटलं नाही.

डॉक्टरांनी सोडल्यावर तंबू आणि भांडीकुंडी आणायची राहिली होती. मी आणि दोस्त जाऊन आणणार होतो, पण बायको म्हणाली, मीही येणार. आई म्हणाली, मग ल्येकराला कोन बगंल, म्या बी येते. होडीत एका वेळी सगळे मावत नव्हतो, म्हणून दोस्तानं दोन खेपा ठरवल्या. पहिल्या खेपेला आई, मी आणि मुलगी.

आईनं आयुष्यात होडीत पाऊल टाकलं नव्हतं. दोन्ही हातांनी कडा धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत ती बसली. काठ सुटला. होडी सरळ चालू लागली. बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. पाण्याकडे बघितलं, डोंगरांकडे बघितलं, माझ्या मांडीवरच्या नातीकडे बघितलं. एक हात कडेवरून सोडून हळूच पाण्यात बुडवला.

“गार हाय,” ती दोस्ताला म्हणाली. “जरा त्या अंगानं घ्या की. ती पाखरं कसली, बगू द्या मला.”

त्यानं होडी वळवली.